शिंपल्यांची पैदास: आधी मासा शोधा

उन्हाळा लागता लागता मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी उतरलं की काठाच्या गाळात गुडघाभर उतरून हाताने चाचपून पाहा. हाताला लागणारे सगळे शिंपले तळहाताएवढे असतील आणि नखाएवढा, सुपारीएवढा एकही लागत नसेल, तर तो तलाव भरलेला दिसला तरी संपत चाललेला आहे. पोरं कमवायला पुण्या-मुंबईला गेलेल्या गावासारखी ही गत: घरं उभी, पाळणा कुठेच हलत नाही. शिंपला वर्षानुवर्षं जगतो, म्हणून पैदास थांबल्याचा पत्ता लवकर लागत नाही.

नुसत्या चाचपणीवर भरवसा ठेवू नका. बांबूच्या कमच्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. ती काठाला धरून वीस ठिकाणी टाका, आतला गाळ चार बोटं खोल चाचपा, सापडलेला प्रत्येक शिंपला व्हर्नियरने मोजा आणि जिथला तिथे परत रोवा. बारीक पिल्लं हाताला लागत नाहीत, म्हणून प्रत्येक चौकटीतलं एक घमेलं गाळ ५ मिमीच्या चाळणीवर धुवून बघा. एवढं केल्यावरही पिल्लं मिळाली नाहीत, तर मग पैदासीचा विचार करायचा.

विदर्भातल्या नद्या-तलावांत लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस आणि लॅमेलिडेन्स कोरिआनस हे लांबट, पातळ कवचाचे शिंपले असतात. पॅरेसिया गटातले गोलसर, जाड असतात आणि त्यांच्या टोकाशी नागमोडी घड्या दिसतात. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. पश्चिम घाटातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या स्यूडोमुलेरिया डालयीसारखा तो जगाच्या पातळीवर संकटात नाही. पण यादी जगाची असते. तुमच्या बोडीतून (लहान तळ्यातून) किंवा वैनगंगेच्या एखाद्या डोहातून तो गेला, तर दुसरीकडे असलेल्या शिंपल्यांचा त्या पाण्याला काही उपयोग नाही. पुढची पद्धत या जाती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. संकटग्रस्त जातींसाठी जगभर वापरतात तीच ही पद्धत आहे, आणि नेहमीच्या जातीवर हात बसल्याशिवाय दुर्मीळ जातीला हात लावू नये.

शिंपल्याला मासा का लागतो

नर पाण्यात शुक्रपेशी सोडतो. मादी पाणी आत ओढते, त्याबरोबर त्या आत जातात आणि अंडी तिच्या कल्ल्यांतच फळतात. कल्ले म्हणजे तिचं गर्भाशयच झालं. तिथे तयार होणाऱ्या अळीला ग्लोकिडियम म्हणतात. तिला दोन झडपांचं इवलंसं कवच असतं, आकार मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा किंवा त्याहून लहान. ही अळी बाहेर पडून माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घेते. माशाची कातडी तिच्याभोवती वाढते, त्या पिशवीत तिचं पिल्लात रूपांतर होतं आणि मग ती गळून तळाला जाते. मासा मिळाला नाही तर ती काही दिवसांत मरते. चुकीचा मासा मिळाला तरी मरते: त्याचं शरीर तिला आठवडाभरात झटकून टाकतं.

म्हणून हे काम शिंपल्याचं कमी आणि मासे सांभाळण्याचं जास्त आहे. तलावात रोहू-कटलाचं बीज टाकण्यासाठी आधी लहान ‘बिनकामाची’ मासोळी साफ केली असेल, तर शिंपल्यांचा वंश तिथेच थांबलेला असू शकतो. अशा ठिकाणी पिल्लं वाढवून सोडली तरी ती पुढची पिढी देणार नाहीत. आधी ती मासोळी परत आणायला हवी.

हे तंत्र नवं नाही. अमेरिकेत शिंपल्यांपासून शर्टांची बटणं करायला नद्यांतले शिंपले उपसून झाल्यावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लेफेव्हर आणि कर्टिस या संशोधकांनी माशांना हाताने ग्लोकिडिया लावून दाखवले. आयोवातल्या फेअरपोर्टला त्यासाठी सरकारी केंद्रही होतं. आपल्याकडे बटणांच्या जागी मोतीशेती आली आहे. तिच्यात शिंपल्याची पैदास होत नाही, बहुतेक शिंपले नदी-तलावातूनच उचलले जातात. पण मोतीशेतीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला शिंपला न दुखवता उघडायचा सराव असतो, आणि तो हात इथे फार उपयोगी पडतो.

परवानगी आणि आईबाप

मामा तलावाची मासेमारी बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असते. संस्थेचं लेखी संमतिपत्र घ्या आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या ठरावात हे काम नोंदवा. नवेगाव-नागझिरा, पेंच, ताडोबा अशा संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय एकही शिंपला उचलायचा नाही. आणि पहिल्या दिवसापासून ढिवर (मासेमारी करणाऱ्या) मंडळींना बरोबर घ्या. कोणत्या खोलगट भागात कोणती मासोळी बसते, हे त्यांना विचारल्याशिवाय कळायला दोन वर्षं लागतील.

आईबाप ज्या पाण्यात पिल्लं सोडायची त्याच पाण्यातले हवेत. वर्धा आणि वैनगंगा पुढे प्राणहितेत एक होतात, म्हणून त्यांचे शिंपले एकच, असं समजू नका. एका आईच्या पोटात एकावेळी लाखो अळ्या असू शकतात, त्यामुळे दोन-तीन माद्यांवर काम भागवायचा मोह होतो. तसं केलं तर तलाव भावंडांनी भरेल. किमान दहा, जमल्यास वीस माद्या घ्या आणि प्रत्येकीची पिल्लं शेवटपर्यंत वेगळी ठेवा. सोडताना प्रत्येकीच्या वाट्याला सारखीच संख्या येऊ द्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या माद्या घ्या.

मादी बाहेरून ओळखू येत नाही. बोथट टोकाच्या उलट्या चिमट्याने (दाबल्यावर उघडतो तो) झडपा जेमतेम ८ ते १० मिमी उघडा. त्याहून जास्त ताणलं तर झडपा मिटणारा स्नायू फाटतो; शिंपला त्या दिवशी जिवंत दिसतो आणि आठवड्याने मरतो. आत टॉर्च मारून कल्ले पाहा. रिकामा कल्ला पातळ, कागदासारखा असतो. गाभण मादीचा कल्ला उशीसारखा फुगलेला असतो. काही जातींत बाहेरचे दोनच कल्ले भरतात, काहींत चारही. दर पंधरा दिवसांनी दहा-वीस शिंपले असे तपासून वर्षभर वहीत लिहा: तारीख, पाण्याचं तापमान, किती गाभण. तुमच्या तलावाचा हंगाम या वहीतूनच कळेल, दुसऱ्या राज्यातल्या तक्त्यावरून नाही.

नेताना शिंपले पाण्यात बुडवून नेऊ नका, पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पहाटे निघा. बर्फ ठेवायचाच तर बाटलीत आणि वर्तमानपत्राच्या चार थरांपलीकडे.

पाणी

इथे सगळ्यात जास्त मरतात आणि कारण कळत नाही. मासा सहज सोसतो ते शिंपल्याचं पिल्लू सोसत नाही. गोड्या पाण्यातल्या जीवांमध्ये अमोनिया आणि तांब्याला सर्वाधिक नाजूक असणाऱ्यांत शिंपल्यांची पिल्लं येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१३ मध्ये अमोनियाची मर्यादा कडक केली, ती मुख्यतः शिंपल्यांमुळेच. सामू (पीएच) ७ आणि तापमान २० अंश असताना दीर्घकाळासाठी लिटरला १.९ मिग्रॅ एकूण अमोनिया-नायट्रोजन, एवढी ती मर्यादा आहे. आपलं पाणी याहून गरम आणि सामू बहुधा ८ च्या आसपास, म्हणजे आपल्यासाठी ती आणखी खाली येते. पिल्लांच्या डब्यात ०.२ मिग्रॅच्या वर जाऊ देऊ नका. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं थेंबांचं किट पुरतं.

तांब्याची किंवा पितळेची तोटी, नळी, भांडं कुठेच नको. माशांच्या रोगावर किंवा गोगलगायी मारायला मोरचूद टाकलेल्या तळ्याचं पाणी नको. पोटॅशचंही तसंच: परदेशात उपद्रवी शिंपले मारायला पोटॅशियम क्लोराइडच वापरतात आणि आपल्याकडे ते खताच्या पोत्यात असतं. पोटॅश ठेवलेल्या कोठीत टाक्या मांडू नका, आणि चुलीची राख टाकून पाणी ‘सुधारायला’ जाऊ नका. धानावर किंवा कपाशीवर फवारणी सुरू असेल तेव्हा बांधीतून येणारं पाणी तोडा.

नळाचं पाणी असेल तर चोवीस तास जोराने हवा देऊन क्लोरीन उडवा. प्राणवायू लिटरला ५ मिग्रॅच्या वर, सामू ७ ते ८.५. कवचाला चुना लागतो, म्हणून पाणी अगदी मऊ नको. काळ्या दगडाच्या पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा पुरेसं जड असतं. पूर्वेकडे पाणी मऊ निघालं तर स्वच्छ धुतलेले जुने शिंपले फोडून जाळीच्या पिशवीत घालून टाकीत ठेवा.

कोणता मासा

तुमच्या जातीला कोणता मासा चालतो, हे तुम्हीच तपासायचं आहे. तलावातल्या सात-आठ जाती निवडा: रोहू, मृगळ, मरळ, मिशांचा टेंगरा, पुंटियस गटातली छोटी खवल्यांची मासोळी, तळाशी बसणारी गोबी आणि ढिवर सांगतील ती आणखी एखादी. मासे शक्यतो शिंपले नसलेल्या पाण्यातले किंवा मत्स्यबीज केंद्रातली बोटुकली (बोटाएवढे लहान मासे) घ्या. ज्या माशाला आधी ग्लोकिडिया लागून गेले, त्याच्या शरीरात प्रतिकार तयार झालेला असतो आणि तो योग्य जातीचा असूनही नापास ठरतो.

मासे आणल्यावर लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा. आडवा पडणारा मासा तत्काळ बाहेर काढा. हे मीठ शिंपल्यांच्या टाकीत जाता कामा नये. मग दोन आठवडे वेगळे ठेवा.

प्रत्येक जातीसाठी २० लिटरची नवी बादली घ्या. रंगाची जुनी बादली कितीही धुतली तरी नको, रंगात बुरशीनाशक असतं. तळापासून चार बोटं वर ४-५ मिमीच्या प्लास्टिक जाळीचा खोटा तळ बसवा, म्हणजे गळून पडलेली पिल्लं खाली जातील आणि मृगळासारखा तळ टोचणारा मासा ती खाणार नाही. प्रत्येक बादलीत पाच मासे, हवेचा एक दगड, वरून मच्छरदाणी.

ग्लोकिडिया काढणे आणि लावणे

गाभण मादी झडपा उघडून धरा. सिरिंजमध्ये टाकीचंच पाणी भरा, बारीक सुईने कल्ल्याच्या कडेला एकच टोचा द्या आणि हलक्या दाबाने अळ्या काचेच्या बशीत धुवून घ्या. एका कल्ल्याचा थोडाच भाग रिकामा करा. बाकीच्या अळ्या ती तलावात स्वतः सोडेल. मादीच्या कवचावर क्रमांकाचा ठिपका सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवा आणि दोन-तीन दिवसांत जागेवर नेऊन ठेवा.

आता ४० पटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहा. गोल अंडी दिसली तर घाई झाली, काही दिवस थांबून पुन्हा पाहा. कवच पूर्ण, दोन झडपा स्पष्ट आणि अळ्या एकमेकींपासून सुट्या दिसल्या, तर मिठाची परीक्षा करा. सुमारे शंभर अळ्या बशीत मोजा, आधीच मिटलेल्या किती ते लिहा, मग मिठाच्या संपृक्त पाण्याचा एक थेंब सोडा. जिवंत, पक्व अळी खटकन मिटते. मिठानंतर मिटलेल्यांतून आधी मिटलेल्या वजा करा आणि एकूण संख्येने भागा. १०० पैकी ४ आधी मिटलेल्या, मिठानंतर ९४ मिटलेल्या, तर जिवंतपणा ९० टक्के. ८० टक्क्यांच्या खाली ती तुकडी वापरू नका. परीक्षेची बशी फेकून द्या, त्या अळ्या आता निकामी.

मोजणीचा हिशेब असा. सगळ्या अळ्या अर्धा लिटर पाण्यात घ्या, पाणी ढवळत ठेवूनच ०.२ मिलिचे पाच थेंब काढा. सरासरी ३२ अळ्या आल्या, तर मिलिलिटरला १६०, अर्ध्या लिटरला ८०,०००. त्यातल्या ९० टक्के जिवंत म्हणजे ७२,०००. नेहमीचं प्रमाण लिटरला ४,००० जिवंत अळ्या, म्हणून १८ लिटर पाणी. त्यात मासे सोडा आणि हवा इतकी जोरात द्या की अळ्या तळाला बसणार नाहीत. दहा मिनिटांनी एक मासा पाहा: १० लिटर पाण्यात ०.४ मिलि लवंग तेल (आधी बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोराने हलवून) घालून त्याला गुंगी द्या आणि कल्ल्याचं झाकण उचला. कल्ल्यावर बारीक पांढरे रव्यासारखे दाणे दिसले की पुरे. पंधरा मिनिटं पुरतात, तीस मिनिटांच्या वर ठेवू नका.

इथे हावरेपणा महागात पडतो. १० ग्रॅमच्या बोटुकलीच्या कल्ल्यावर काही शे अळ्या पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त लागल्या तर मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो, दोन दिवसांत मरतो आणि त्याच्याबरोबर सगळी पिल्लंही जातात. वेळ झाली की मासे स्वच्छ पाण्यात हलवून मग बादलीत सोडा.

दुसऱ्या दिवसापासून रोज खोट्या तळाखालचं पाणी सायफनने काढा. ते दोन चाळण्यांवरून जाऊ द्या: वरची ३०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कचरा धरायला; खालची १०० मायक्रॉनची. त्याआधी तुमच्या जातीची अळी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. अळी लहान निघाली तर खालची जाळी आणखी बारीक घ्या, नाहीतर सगळी मेहनत गटारात. पहिल्या आठवड्यात उघड्या, मेलेल्या अळ्याच येतात. ज्या बादलीत फक्त त्याच येतात आणि मग काहीच येत नाही, तो मासा बाद. ज्या बादलीत आठवडा-दोन आठवड्यांनी पाय बाहेर काढून सरकणारी पिल्लं दिसली, तो तुमचा मासा. २४ ते २८ अंशांत हे बहुधा एक ते तीन आठवड्यांत होतं. पाणी गार असेल तर जास्त दिवस. पिल्लं आधी तुरळक येतात, मग चार-पाच दिवस भरपूर, मग ओसरतात. सलग तीन दिवस शून्य आलं की बादली बंद करा.

कचऱ्यात पिल्लं शोधणं डोळे फोडणारं काम आहे. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म काढा, एक तुकडा बशीखाली, दुसरा भिंगावर आडवा धरा आणि फिरवा. मागचं सगळं काळं होतं आणि कवचं पांढऱ्या फुलीसारखी चमकतात. ऑस्ट्रॅकॉड (दोन झडपांच्या कवचाचे बारीक जलजीव) हेही चमकतात, पण ते टुणटुण उड्या मारत पळतात.

या दिवसांत माशांना अगदी थोडं खायला द्या. उरलेलं खाद्य तळाला कुजतं आणि पिल्लं त्यात गुदमरतात.

पहिले दोन महिने

इथवर येणं तसं अवघड नाही. खरी गळती यानंतर होते. नव्या पिल्लाचे कल्ले अपुरे असतात, त्याला पाणी गाळून खाता येत नाही. ते पायाने गाळातले कण ओढून खातं. म्हणून त्याला गाळ लागतो, आणि गाळाबरोबर त्याचे वैरीही येतात.

गाळ शिंपल्यांच्याच तलावातला घ्या, १०० मायक्रॉनमधून गाळा आणि पत्र्यावर पातळ पसरून वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवा. आपल्याकडची ही फुकटची भट्टी आहे. वाळवल्याने प्लॅनेरिया (चपटे किडे) आणि किड्यांच्या अळ्या मरतात, पण ऑस्ट्रॅकॉडची अंडी कोरडेपणा सोसतात. म्हणून वापरण्याआधी त्यावर उकळतं पाणी ओता, निवू द्या, वरचं पाणी फेका आणि दोन दिवस हवा द्या.

एक लिटरचा खाण्यासाठी वापरतात तसा प्लास्टिक डबा, त्यात अर्धा लिटर पाणी, १० मिलि गाळ, दोनशे पिल्लं. युरोपात मोती-शिंपल्यांसाठी अशाच प्रमाणात डबे लावतात आणि आठवड्यातून एकदा पाणी बदलतात. तिकडचं पाणी गार. आपल्याकडे २५ अंशांच्या वर दिवसाआड बदला, आठवड्याची वाट पाहिलीत तर अमोनिया आधी पोचेल. पाणी बदलताना पिल्लं १०० मायक्रॉनच्या चाळणीवर घ्या, धुवा, भिंगाखाली पाहा. रबरी पट्टीसारखी सपाट, सरकणारी प्लॅनेरिया किंवा लाल रक्तकिड्याची अळी दिसली की पिपेटने काढून टाका. एक प्लॅनेरिया एका रात्रीत डबा रिकामा करू शकतो. डबे जितके जास्त, तितकं नुकसान एका डब्यापुरतं राहतं. म्हणून एकाच मोठ्या टाकीचा मोह टाळा.

खाद्य म्हणजे हिरवं, बारीक शेवाळ वाढलेलं पाणी. २०० लिटरच्या टाकीत गाळलेलं तलावाचं पाणी घ्या, अर्धा किलो ताजं शेण कापडात बांधून दोन दिवस लटकवा, मग पुरचुंडी काढून टाका. उन्हात चार-सहा दिवसांत पाणी हिरवं होतं. देण्याआधी २० मायक्रॉनच्या कापडातून गाळा आणि अमोनिया तपासा. रंगाच्या साईसारखा निळा-हिरवा थर आला असेल तर टाकी ओतून द्या, ते निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं. डब्यात मिलिलिटरला शेवाळाच्या २० ते ५० हजार पेशी पुरतात. मोजायला जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातली रक्तपेशी मोजायची काचपट्टी मागा. मोजणी नसेल तर पिल्लाकडे पाहा: कवच पारदर्शक असतं, आतलं आतडं हिरवं दिसलं की ते खातंय. आतडं रिकामं आणि पाय बाहेर लोंबतोय, तर आधी पाणी बदला, मग खाद्य वाढवा. उलट करू नका.

तापमान ३० अंशांच्या वर गेलं तर डबे कूलरच्या खोलीत हलवा किंवा ओल्या पोत्यांनी गुंडाळलेल्या उथळ पाण्याच्या परातीत ठेवा. वीज जाणारच, हे धरून चाला. डब्यांना तासभर काही होत नाही, पण माशांच्या बादल्यांना बॅटरीवरचा एअर पंप हवाच. एका रात्री वीज गेली आणि मासे मेले, तर त्यांच्या कल्ल्यावरची सगळी पिल्लं गेली.

पिल्लं मिलिमीटरभर झाली की दोन बादल्यांची उतरंड करा. वरच्या बादलीच्या तळाला ७५ मिमी पीव्हीसी पाइपचे बोटभर लांब तुकडे बसवा, प्रत्येकाच्या खालच्या तोंडाला ३०० मायक्रॉनची नायलॉन जाळी. खालच्या बादलीतून लहान पंप पाणी वर टाकतो आणि ते पिल्लांवरून, जाळीतून परत खाली पडतं. आठवड्याला अर्धं पाणी बदला. अमेरिकेतले शिंपल्यांचे अभ्यासक क्रिस बार्नहार्ट यांनी अशीच बादल्यांची सोपी रचना लोकप्रिय केली, आणि आपल्याकडे तिचा प्रत्येक भाग तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बादलीला भोक पाडताना होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) वापरा, तापवलेल्या सळईचं भोक गळतं.

पाच मिमीच्या पुढे पिल्लं तलावातच वाढवा. प्लास्टिकच्या ट्रेत तीन बोटं गाळ आणि वाळू, वरून ३-४ मिमीची जाळी. खेकडे आणि बदकं ही जाळी सोडत नाहीत, म्हणून दोन थर लावा. ट्रे बांबूच्या खुंटांना पाण्याखाली हात-दीड हात बांधा आणि पाणी उतरलं की त्याबरोबर खाली सरकवत न्या. एप्रिलमध्ये हे विसरलं की ट्रे उघडे पडतात. दर पंधरा दिवसांनी जाळीवरचं शेवाळ ब्रशने काढा.

सोडणे

दोन सेंटिमीटरच्या आतली पिल्लं सोडू नका. वेळ दिवाळीनंतरची, पूर ओसरून पाणी निवळलेलं आणि उन्हाळा दूर. पावसाळ्यात सोडलेली वाहून जातात. मार्चमध्ये सोडलेली पाणी उतरताना काठावर अडकतात. उन्हाळ्यातही कंबरभर पाणी राहणारी आणि वाळू-गाळ मिसळलेला तळ असलेली जागा निवडा. बेशरमच्या झुडपांत नको, आणि येत्या उन्हाळ्यात गाळ काढायचा आहे तिथे तर मुळीच नको. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलाव असेल, तर कोणत्या बाजूने जेसीबी उतरणार हे आधी विचारा. त्या पट्ट्यातले शिंपले आठवडाभर आधी उचलून तलावाच्या दुसऱ्या अंगाला रोवून घ्या. एका दिवसाच्या खरडीत जाणारे मोठे शिंपले परत मिळवायला तुमची सगळी बादल्यांची खोली अपुरी पडेल.

प्रत्येक पिल्लाच्या कवचावर क्रमांक चिकटवा. वरून फेकू नका. पाय निघतो ते टोक खाली, पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्यांचं टोक वर, असं एकेक हाताने रोवा. चौरस मीटरला दहाच्या आसपास ठेवा आणि चारही कोपऱ्यांना खुंट ठोकून नोंद करा. महिन्याने, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी त्याच चौकटींत चाचपणी करा. मेलेल्यांची कवचंही मोजा आणि त्यांच्यावर दात किंवा चोचीच्या खुणा आहेत का ते पाहा. क्रमांक नसलेलं, म्हणजे तलावातच जन्मलेलं पहिलं नखाएवढं पिल्लू ५ मिमीच्या चाळणीत सापडलं, तर त्याची तारीख आणि जागा वहीत लाल शाईने लिहा, आणि त्या वर्षापुरतं त्या तलावातलं कृत्रिम काम थांबवा.